केदारखेड्याला अर्धा राहिलेला चित्रपट

मेणबत्त्यांचा पुडा आणण्यासाठी पाठविलेली दोन्ही भावंडे कोपऱ्यावरच्या दुकानातून भांडतच परतली. मे महिना होता, साल २००४. त्या उन्हाळ्यात भोकरदनला रात्री आठला गेलेली वीज दहाच्या आत येत नसे. म्हणून आम्ही सारे गच्चीवर सतरंज्या टाकून बसत असू. तारा आणि मुकुंद ही माझ्या धाकट्या भावाची मुले, औरंगाबादेहून सुटीसाठी आलेली. भांडणाचा विषय होता आदल्या रात्रीची भुतांची मालिका.

"दर आठवड्याला तेच," तारा म्हणाली. "धूर, कंदील, पांढरी साडी. आणि जाहिरात लागायच्या आधी दार करकरणारच. मला तर त्या दाराचीच दया येते."

"मग पाहतेस कशाला?"

"तू एकटा बसलास तर घाबरशील म्हणून."

"मी? परवाच्या सिनेमात डोळ्यांवर ओढणी कुणी घेतली होती?"

"तो सिनेमा वेगळा होता. त्यात गाणी नव्हती आणि भूतही फारसं दिसत नव्हतं. नुसता रिकामा जिना दाखवत होते, तरी माझे पाय गार पडले. पण शेवटी काय केलं? सगळं समजावून सांगितलं! ती कोण, कशी मेली, कुणी मारली... त्यापेक्षा पोलिसांचा पंचनामा बरा."

"समजावून नको सांगायला? तीन तास बसवून ठेवायचं आणि शेवटच सांगायचा नाही? ही फसवणूक झाली."

माझा थोरला भाऊ भालचंद्र भिंतीला टेकून बसला होता. तो विद्युत मंडळातून निवृत्त झालेला. त्यामुळे उन्हाळ्यात घरातले सगळे टोमणे त्याच्याच वाट्याला येत.

"मोठे काका, तुमच्या मंडळाने वीज सोडली असती, तर आम्ही हे सगळं टीव्हीसमोर बसून ठरवलं असतं," मुकुंद म्हणाला.

"निवृत्त माणसाच्या हातात बटण नसते," दादा म्हणाला. "शेवट सांगावा की सांगू नये, यावरच एक पोरगा आपल्या रामकिसनशी भांडला होता. त्याच्यापायी रामकिसनने धंदा सोडला."

मी मेणबत्तीसाठी काडी ओढणार होते. दादाने हातानेच "राहू दे" अशी खूण केली.

पुढचे सारे त्याचे आहे. मी ते लिहून काढले एवढेच. जेथे तो मध्येच थांबला, तेथे मीही थांबले आहे.

*

रामकिसन माझा मित्र. मूळचा टेंभुर्णीचा. आपल्या याच घराची रस्त्याकडची खोली त्याने भाड्याने घेतली होती. तेव्हा तुमचा जन्म व्हायचा होता, नाहीतर नुकताच झाला होता. खोलीत व्हिडिओ कॅसेटींची फडताळे, एक रंगीत टीव्ही आणि एक व्हीसीआर. खेड्यात बारसे, जावळ, साखरपुडा असे काही निघाले की त्याला बोलावणे येई. टीव्ही गोधडीत गुंडाळून एसटीच्या टपावर चढवायचा, व्हीसीआर मांडीवर घ्यायचा, रात्रभर ओळीने पिक्चर दाखवायचे आणि पहाटेच्या गाडीने परतायचे, असा त्याचा क्रम होता.

केदारखेड्याच्या शिवारात रखमाजींची वस्ती आहे. गाव सोडून नदीच्या अंगाला गेले की लागते. भुजंग हा त्यांचा मुलगा, बावीस वर्षांचा. रामकिसनचा टीव्ही ज्या गावात उतरेल, त्या गावात हा अंधारातून चालत यायचा. पण अट एकच, पिक्चर भुताचा पाहिजे. अगदी पुढे बसायचा आणि मोठ्याने बोलायचा. देवळाची घंटा वाजली की म्हणायचा, "वाजली बघा! म्हंजे पिक्चरवाल्याचा पैसा सरला." भूत पळत सुटले की म्हणायचा, "खरं भूत पळत न्हाई. त्याला काय जल्दी हाये?"

"गप बस ना बाबा," रामकिसन ओरडायचा. "एवढं कळतं तर मुंबईला जा अन् तूच काढ पिक्चर!"

"जातो की. आधी हा तर सरू दे."

लोक हसायचे. रामकिसन वरवर चिडायचा, पण नवी कॅसेट आली की मला म्हणायचा, "ही भुजंगला दाखवून बघू. तो गप बसला तर पिक्चर चांगला."

त्या वर्षी, म्हणजे १९८९ साली, दिवाळीनंतर एक पिक्चर आला. जंगलातल्या एका विश्रामगृहाचा. तिथला वॉचमन रोज रात्री एका काळ्या मोटारीला फाटक उघडून देतो. मोटार आत जाते, पण आतून कोणीच उतरत नाही. सकाळी पाहावे तर चाकांच्या खुणादेखील नसतात. बस्स, एवढेच. भूत नाही, किंकाळी नाही. केदारखेड्याला एका जावळाच्या रात्री तो लावला आणि भुजंग पहिल्यांदा गप्प बसला.

शेवट आला. मोटार फाटकापाशी थांबली. या वेळी मात्र तिचे दार उघडू लागले... आणि गावची वीज गेली.

वीज काही आली नाही. रामकिसनने घाईघाईने मशीन उघडून कॅसेट ओढून काढली. तेव्हा आतली पट्टी अडकली आणि शेवटचा तुकडा चुरगळला. भुजंग त्याच्यामागे बैलगाडीपर्यंत आला.

"रामकिसनभाऊ, मोटारीतून कोण उतरलं, तेवढं सांग न."

"सांगून काय मजा? पुढल्या खेपेला दाखवतो."

"अरे, झोप न्हाई लागणार मला."

"मंग जागा राह्य," रामकिसन म्हणाला आणि हसला.

पुढची खेप झाली नाही. विहिरीवरची मोटार सुरू करताना भुजंगला शॉक लागला. ओल्या मातीत अनवाणी उभा होता.

*

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा समोरच्या बाभळीवर बसून होता, पण खाली उतरेना. तुम्हांला ठाऊक आहे, अशा वेळी मागे राहिलेली माणसे एकेक शब्द देतात. रखमाजींनी हात जोडले. "भुजंगा, तुझ्या भावाला शिकवतो." कावळा हलला नाही. "तुझ्या मायला अंतर देणार न्हाई." नाही. मामा बोलले, चुलते बोलले. ऊन चढले. माणसे पायांवर पाय बदलू लागली.

मग भुजंगचा एक सोबती दबकत म्हणाला, "मावशे, त्याचा पिक्चर अर्धा राह्यल्ता."

एकदोघे त्याच्यावर खेकसले. चांगुणाबाई, म्हणजे भुजंगची आई, पुढे झाली. पदर पसरून म्हणाली, "बाबा, तुझा पिक्चर पुरा दाखवते. शेवटापर्यंत. या अमावास्येच्या आत."

कावळा उतरला आणि घास घेऊन गेला.

त्या बाईने साधा भिंतीवरचा फोटोसुद्धा कधी नीट पाहिलेला नव्हता, पिक्चर तर दूरच. पण शब्द दिला होता. रखमाजी स्वतः भोकरदनला आले. रामकिसनच्या खोलीत उभ्यानेच म्हणाले, "तोच पिक्चर पाह्यजे, भाऊ. दुसरा चालायचा न्हाई. तिनं अन्न टाकलंय."

रामकिसनने हो म्हटले. त्या वेळी त्याला पट्टी चुरगळल्याचे आठवले नाही, असे नाही. औरंगाबादेहून दुसरी कॅसेट मागवू, असा त्याचा विचार होता. निरोप गेला. कॅसेट आली नाही. अमावास्या गुरुवारी होती. बुधवार उजाडला तरी आली नाही.

"मंग आता काय करतोस?" मी विचारले.

त्याने फडताळातून दुसऱ्याच एका भुताच्या पिक्चरची कॅसेट काढली. "याचा शेवट लावतो. वॉचमनसारखा माणूस हाये, मोटार हाये. घंटा वाजते, भूत जळतं. ती म्हातारी कुठं पाहायला बसलीय? तिच्या जिवाला बरं वाटलं म्हंजे झालं. आणि बघणारा तर..." त्याने कॅसेट पिशवीत घातली.

बुधवार, २७ डिसेंबर १९८९. संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

*

फाट्यावर रखमाजींची बैलगाडी उभी होती. थंडी कडक. वस्तीवर पोचेपर्यंत नऊ वाजले. मधल्या घरात टीव्ही मांडला. समोर चांगुणाबाईने नवी गोधडी अंथरली. शेजारी पाण्याचा तांब्या आणि ताटलीत भाजलेल्या शेंगा ठेवल्या. मग तिने घरातली सगळी माणसे बाहेर ओसरीवर काढली.

"तुमी न्हाई बघणार का, माय?" रामकिसनने विचारले.

"निवद दाखवायच्या आधी कोणी खातं का? त्याच्यासाठी बोललेलं हाये. आधी त्यानं बघायचं." मग ती त्याच्याकडे वळली. "तू मशीनसाठी थांब, पण टीव्हीच्या मागं बस, भिताडाकडं तोंड करून. पडद्याकडं बघू नको. अन् गोधडीकडं तर बिलकुल बघू नको."

तिने दार ओढून घेतले. कडी लावली नाही.

रामकिसन टीव्हीच्या मागे बसला. समोर पांढरी मातीची भिंत. एक खुंटी. खुंटीला भुजंगचा सदरा. त्याने न पाहताच बटण दाबले.

पिक्चर सुरू झाला. रामकिसनला तो पाठ होता. नुसत्या आवाजावरून कळायचे, आता वॉचमन कंदील पुसतो आहे, आता फाटक उघडतो आहे. तासभर गेला. त्याला पेंग येऊ लागली.

कट्.

शेंग फुटल्यासारखा आवाज.

उंदीर असेल, असे त्याला वाटले. शेतातले घर. शेंगा उघड्यावर ठेवलेल्या.

थोड्या वेळाने पुन्हा. कट्. मग सावकाश, एकेक दाणा. उंदीर असे खात नाही... उंदीर थांबून थांबून खात नाही.

तो भिंतीकडे पाहत राहिला.

शेवट जवळ आला. मोटारीचा आवाज. ब्रेक. शेंगांचा आवाज थांबला. मोटारीच्या दाराची कडी खटकली, आणि पट्टीचा चांगला भाग तेथे संपला. खरखर सुरू झाली. रामकिसनने चटकन कॅसेट काढली, दुसरी घातली. शेवट त्याने घरूनच लावून आणला होता. घंटा वाजू लागली. मोठमोठ्याने. बाहेर ओसरीवर कोणीतरी "नारायण, नारायण" म्हणाले.

मागून आवाज आला.

"च्च."

जिभेचा. नापसंतीचा. अगदी पुढे बसलेला माणूस करतो तसा.

रामकिसनचे हात मांडीवर होते. ते तेथेच राहिले. तेवढ्यात मशीनने आपणहून कॅसेट बाहेर टाकली.

त्याने ती पुन्हा आत लोटली. घंटा वाजली. कॅसेट बाहेर आली. त्याने पुन्हा लोटली. या वेळी घंटासुद्धा वाजली नाही...

मग त्याने टीव्ही बंद केला.

अंधार. मागे गोधडी सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी उठले म्हणून नव्हे. कोणीतरी पुढे सरकून बसले म्हणून.

रामकिसन मला म्हणाला होता, "भालचंद्र, मी पळालो असतो. पण दार त्या बाजूला होतं. गोधडीवरून जावं लागलं असतं."

तो भिंतीला म्हणाला, "भुजंग... पट्टी खराब झालीय रे. चूक झाली माझी. मी सांगतो. बराबर सांगतो."

काहीच नाही.

"मोटार उभी राह्यली. दार उघडलं."

आपल्याकडे गोष्ट सांगताना ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा लागतो. हूं नाही आला, तर सांगणारा थांबतो. रामकिसन सवयीने थांबला.

"हूं," असे आले.

हळू. ओसरीवरून आल्यासारखे. म्हातारी असेल. म्हातारी ऐकत असेल. तो पुढे बोलू लागला.

"पहिल्यांदा पाय दिसला. वॉचमनच्या पायात होता तसाच बूट."

"हूं."

"मंग काठी. वॉचमनच्या हातात होती तीच."

"हूं."

"वॉचमननं कंदील वर केला. उतरला त्याचं तोंड बघितलं. तो... तो वॉचमनच व्हता."

बराच वेळ काही आले नाही. भिंतीवरचा सदरा दिसत नव्हता. खुंटी दिसत नव्हती. त्याने भिंतीला हात लावून पाहिला.

"हूं."

"उतरला त्यानं ह्याला इचारलं, 'रोज रात्री फाटक कोण उघडतं रे?' अन् वॉचमननं बघितलं, तर त्याच्या हातात कंदीलच न्हाई. फाटक बंद. कुलूप आतून. अन् मोटार... निघून गेली. संपलं. एवढंच हाये, भुजंग. घंटा न्हाई. कोणी जळत न्हाई. त्यानं फाटक उघडलं का, तेबी दाखवलं न्हाई. आईची आन, एवढंच हाये."

तो थांबला.

हूं आला नाही.

त्याने वाट पाहिली. श्वास धरून. हूं आला नाही.

मग दार उघडले. चांगुणाबाई चिमणी घेऊन उभी होती. गोधडी रिकामी होती. रामकिसन भिंत धरून उठला. बाईच्या पायांपाशी येऊन बसला.

"माय, खोटं नको बोलू. हूं तू देत व्हतीस ना?"

तिने मान हलवली. "मी पदर तोंडात धरून बसल्ते. रडू ऐकू जाऊ नये म्हणून." मग तिने खाली वाकून विचारले, "तुला आवाज वळखू आला न्हाई?"

त्याने रिकाम्या गोधडीकडे पाहिले.

"ल्हान व्हता तव्हा मी गोष्ट सांगायची. असाच हूं द्यायचा. झोप लागंपर्यंत." चिमणीची ज्योत हलत होती. "शेवटी थांबला का रे, हूं?"

"थांबला, माय."

"मंग झोपला," ती म्हणाली.

आणि तिने त्या रात्री भाकरी मागून घेतली. दहाव्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. रखमाजी तिच्यासमोर बसून नुसते पाहत राहिले.

*

दादा येथे थांबला. तारा भावाच्या सतरंजीवर केव्हा सरकली, ते मला कळले नाही.

"म्हणजे सुटला तो," मुकुंद म्हणाला. "शेवट कळला आणि सुटला. मग रामकिसनकाकांनी धंदा का सोडला?"

दादाने मेणबत्त्यांचा पुडा माझ्या हातातून काढून बाजूला ठेवला.

*

गुरुवारी सकाळी तो पहिल्या गाडीने आला. मी ऑफिसला निघालो होतो. त्याचा चेहरा पाहून मी आत आलो. त्याने सगळे सांगितले, आत्ता मी सांगितले तसे. सांगून झाल्यावर जरा हलका झाला. चहा घेतला. म्हणाला, "ती पट्टी कापून टाकतो. खराब तुकडाच नको."

किती कापायची ते पाहण्यासाठी आम्ही कॅसेट लावली. खाली, त्याच खोलीत. दिवसा. दार उघडे होते. रस्त्यावरून बाजाराच्या गाड्या चालल्या होत्या.

मोटार थांबली. कडी खटकली. मग पडद्यावर मुंग्या आणि खरखर. रामकिसनने बंद करण्यासाठी हात पुढे केला.

तो हात तसाच राहिला.

"हूं."

खरखरीच्या आतून. स्पष्ट.

त्या मशीनला माइक नव्हता. ही कॅसेट तर रात्री मशीनमधून बाहेर काढलेली होती. वस्तीवर, जमिनीवर पडून होती.

मग एका वाक्याएवढी शांतता. नुसत्या मुंग्या.

"हूं."

रामकिसनचा आवाज त्यात नव्हता. आम्ही कान लावून ऐकले. सांगणाऱ्याचे एक अक्षरसुद्धा नव्हते. फक्त मधली रिकामी जागा... आणि तो.

"हूं."

रामकिसनने रात्री शेवट सांगितला होता, त्याला असा किती वेळ लागला असेल? तेवढा वेळ केव्हाच उलटला. माझ्या हातातला कप गार झाला. आम्ही दोघे उभेच होतो. बंद करावे असे दोघांनाही सुचले नाही. केदारखेड्याला कळवावे, असे त्यानंतरही कधी सुचले नाही.

पट्टी फिरत राहिली. पडद्यावर मुंग्या.

ती संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत... हूं थांबला नाही.